वह्या पेटीत ठेवू नका, छापून घ्या
(मंडळाच्या वाचक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी साहित्यिक नाही. बँकेत कारकून आहे, हिशेब तेवढा कळतो. तरी मला इथे उभे केले, कारण काही वर्षांपूर्वी मी वडिलांच्या आठवणींचे पुस्तक स्वखर्चाने काढले आणि करण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका केल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून हे दोन शब्द.

आधी छापायचे कशाला, ते सांगतो. १७ जानेवारी १९५६ ला जो वीस वर्षांचा होता, तो आज नव्वदीला टेकला आहे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात गेलेली पोरे आता साठी-सत्तरीत आहेत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण आपल्या गल्लीत, आपल्या गावात काय घडले हे सांगणारी माणसे तोवर थांबणार नाहीत. सरकारी कागद सरकारची बाजू सांगतो. आपली बाजू घराघरांतल्या वह्यांत आहे, आणि जुने घर पाडून नवे बांधताना त्या वह्या रद्दीत जातात.

आता कामाचे बोलू.

मजकूर. वही जशी आहे तशी टाईप करून घ्या. भाषा 'सुधारू' नका. गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापले, पण मजकुरात फेरफार करून. मुळाबरहुकूम आवृत्ती निघायला १९६६ साल उजाडले, ती दत्तो वामन पोतदारांनी काढली. मूळ हस्तलिखित जपले गेले होते म्हणूनच ते शक्य झाले. तेव्हा पुस्तक निघाले तरी वही टाकू नका. तारखा मात्र जुन्या वर्तमानपत्रांच्या अंकांशी ताडून बघा. वहीत चूक आढळली तर मूळ वाक्य तसेच ठेवून खाली टीप द्या. एक तारीख चुकली की विरोधक सगळे पुस्तकच खोटे म्हणायला मोकळे होतात.

मुद्रितशोधन. इथे माझी मोठी चूक झाली. प्रेसवाल्याला घाई होती, मी एका रात्रीत प्रुफे वाचली. गावातून तुरुंगात गेलेल्यांच्या यादीतली एक ओळ अक्षरजुळणीत गळली होती. माझ्या लक्षात आले नाही. प्रकाशनाच्या दिवशी एका वृद्ध बाईंनी पुस्तक घेतले, यादीवरून दोनदा बोट फिरवले आणि म्हणाल्या, "बाळ, ह्यांचं नाव कुठं दिसंना." वडिलांच्या वहीत नाव होते, माझ्या पुस्तकात नव्हते. शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवले, पण त्या बाईंच्या तोंडाकडे बघायचा धीर मला आजही होत नाही. म्हणून प्रुफे तीनदा वाचा, त्यातले एक वाचन दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. नावांच्या याद्या दोघांनी बसून, एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मुळाशी ताडायचे.

छपाई. साधारण डेमी आकारात एक फॉर्म १६ पानांचा धरतात. १६० पानांचे पुस्तक म्हणजे दहा फॉर्म. १६३ पाने झाली तर तीन पानांसाठी वेगळा कागद आणि बांधणी पडते, म्हणून पाने सोळाच्या पटीत बसवा. बांधणी शक्यतो शिलाईची घ्या, नुसत्या डिंकाची पाने काही वर्षांनी सुटतात.

प्रती किती? हजार प्रती काढल्या की दर प्रत स्वस्त पडते असे सांगतात. मीही भुललो, आणि अर्ध्याहून जास्त गठ्ठे आमच्या माळ्यावर वाळवीने खाल्ले. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. हजार प्रती ६० रुपयांप्रमाणे ६०,००० रुपये. चारशे प्रती ९० रुपयांप्रमाणे ३६,००० रुपये. दोन्हींतून ३५० च लोकांच्या हाती गेल्या, तर पहिल्यात एक प्रत १७१ रुपयांना पडली, दुसऱ्यात १०३ ला. खर्च छापलेल्या प्रतींवर नव्हे, खपणाऱ्या प्रतींवर भागायचा असतो. आता डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात. आधी नावनिशीवार यादी करा, मग आकडा ठरवा.

करार. 'सगळे आम्ही बघतो' म्हणून एकरकमी पैसे मागणारे बरेच आहेत. सही करण्यापूर्वी हक्क कोणाकडे राहणार ते वाचा. लिहिणाऱ्याचा स्वामित्वहक्क लिहिल्याबरोबर निर्माण होतो आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. मजकुराची युनिकोडमधली फाईल आणि छपाईची पीडीएफ आपल्या ताब्यात घ्या. माझी फाईल जुन्या फॉन्टमध्ये होती, प्रेस बंद पडला आणि दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा सगळे टाईप करावे लागले.

आयएसबीएन. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी अर्ज करता येतो. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

ग्रंथालये. हे कोणी सांगत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते. ओझे समजू नका. आपल्या माळ्यावरच्या प्रती वाळवी खाईल, पण तिथली प्रत उद्याच्या अभ्यासकाला सापडेल. शिवाय आपल्या गावच्या वाचनालयाला दोन प्रती द्या आणि पोच घ्या.

पैसे कमी असतील तर चाळीस पानांची पुस्तिका काढा, पण वडीलधारी माणसे आहेत तोवर काढा. कोणते नाव राहिले ते सांगायला ती हवीत. आज घरी गेल्यावर पेटी उघडून वही आहे का, एवढे तरी बघा.

एवढे बोलून थांबतो. जय महाराष्ट्र!