पोराचे पोट का दुखते?



दसरा झाला. आता आठ-पंधरा दिवसांत गाड्या भरतील. निम्मी घरे कुलपे लावून ऊसतोडीला जातील. मुकादमाची उचल घेतलेली आहे. थांबता येत नाही, हे मला कळते. म्हणून तुम्ही निघायच्या आधीच बोलायला आले.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. माझ्याकडे ताप, हगवण, विंचू चावलेला, सगळे येतात. पोरे तर रोजच. त्यातल्या एका पोराची गोष्ट सांगते. त्याचे नाव, गाव सांगणार नाही.

पोरगा नऊ वर्षांचा. आजी त्याला घेऊन आली. म्हणाली, "बाई, ह्याचं पोट दुखतंय. सकाळी उठला की दुखतंय. साळंला जात न्हाई." मी पोट दाबून पाहिले. काही सापडले नाही. जंताची गोळी दिली. आठ दिवसांनी आजी पुन्हा हजर. लघवी तपासली, रक्त तपासले. सगळे ठीक. तिसऱ्या खेपेला बाहेर मोठी रांग होती. मी वैतागले. पोरासमोरच म्हणाले, "आजी, याला काही झालेले नाही. शाळा चुकवायला नाटक करतो."

आजीने घरी नेऊन त्याला दोन धपाटे घातले. अंगारा लावला, उतारा टाकला. पोट दुखायचे थांबले नाही. उलट पोरगा रात्री अंथरूण ओले करू लागला.

चूक माझी होती. ती दाखवली आमच्या आशाताईने. ती म्हणाली, "मॅडम, मागच्या सालीबी ह्याच दिवसांत दुखत होतं. आईबाप कारखान्यावरून परत आले, अन् थांबलं." मी एवढी पुस्तके वाचली, पण हा साधा हिशेब तिने मांडला.

मग मी पोराला जवळ बसवले. म्हणाले, "मी तुला खोटं ठरवलं. माझं चुकलं. आईबाबा गेले, तेव्हा तू काय करत होतास?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "झोपलो होतो."

गाडी पहाटे निघाली होती. पोर रडेल, म्हणून कोणी उठवले नाही. तो जागा झाला, तर शेजारी आई नाही. तेव्हापासून त्याने मनाशी धरले, की आपले लक्ष नसले की माणसे निघून जातात. आपण शाळेत गेलो, तर मागे आजीही जाईल. ते पोर शाळा चुकवत नव्हते. आजीची राखण करत होते.

तुम्ही म्हणाल, मग पोट कशाला दुखेल? कोर्टात साक्ष द्यायला जाताना तुमच्या पोटात गोळा येतो की नाही? डोके आणि आतडी नसांनी जोडलेली आहेत. भीती मनात असते, कळ पोटात येते. ती कळ खरी असते. पोर खोटे बोलत नसते.

आम्ही औषध दिले नाही. आईला निरोप धाडला, की बुधवारी आणि रविवारी दिवे लागले की कोपीवरून फोन कर. परत कधी येणार, तो महिना कॅलेंडरवर दाखवला. गुरुजींशी बोललो. पहिला आठवडा आजी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभी राहायची, म्हणजे त्याला दिसायची. मग एक दिवसाआड. मग बंद. शाळा मात्र सोडू दिली नाही. पोर जितके घरी बसते, तितके पुन्हा जाणे जड होते. महिन्याभरात बराच फरक पडला. फोन लागला नाही, त्या दिवशी मात्र पोट दुखायचेच.

पण एक सांभाळा. प्रत्येक पोटदुखी मनाची नसते. झोपेतून उठवणारी कळ, ताप, सारख्या उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणे, यांतले काही असेल तर लगेच दवाखाना गाठा. पाच वर्षांच्या आतले पोर अंथरूण ओले करते, त्यात काही विशेष नाही. पण मोठे पोर पुन्हा करू लागले, आणि त्याला तहानही फार लागते, लघवीही फार होते, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. आधी शरीर तपासू, पण मनाचे विचारायचे राहू नये.

आमच्यापुढे रांग असते. आम्ही विचारायचे विसरतो. तुम्हीच सांगा. दुखणे कधीपासून? घरातून कोण गेले? कोण वारले? घरात दारू, मारहाण आहे का? यात लाज नाही. पोटदुखीच्या तारखेइतकीच ही माहिती आमच्या कामाची.

आणि पोर म्हणाले, "मला जगायचं नाही," तर हसण्यावारी नेऊ नका. ओरडू नका. एकटे सोडू नका. त्याच दिवशी घेऊन या. रात्र असेल तर १४४१६ वर फोन करा. २०२२ साली सरकारने ही टेलिमानस सेवा सुरू केली. फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलता येते.

आता जाणाऱ्यांना एवढेच. आदल्या दिवशी पोराला जवळ घेऊन सांगा, की आम्ही उद्या जाणार, अमुक महिन्यात येणार, तोवर तू आजीजवळ. निघताना त्याला उठवा. ते रडेल. रडू द्या. तुम्हालाही रडू येईल. गाडी पाच मिनिटे थांबेल. मुकादम ओरडला, तर माझे नाव सांगा.

कोणाला एकट्याने काही बोलायचे असेल, तर मी अंधार पडेपर्यंत शाळेच्या खोलीत बसते. पोराला बरोबर आणले तरी चालेल.