सहीआधीचे वाचन



13 जुलै 1801 ची संध्याकाळ. पॅरिसमध्ये नेपोलियनचा थोरला भाऊ जोसेफ बोनापार्ट याच्या घरी पोपचे राज्यसचिव कार्डिनल एर्कोले कॉन्साल्वी पोप आणि फ्रेंच सरकार यांच्यातल्या करारावर सही करायला आले आहेत. मजकूर दोन्ही बाजूंनी ठरलेला, आता फक्त साफ प्रतीवर सही करायची. त्यांनी ती प्रत वाचायला घेतली आणि सुरुवातीलाच लक्षात आले, की हा कागद निराळा आहे. ठरलेला मजकूर बदलून टाकला होता. त्यांनी लेखणी खाली ठेवली. जवळजवळ वीस तास अखंड घासाघीस चालली आणि सही झाली ती 15 जुलैला. ही हकीकत मुख्यतः कॉन्साल्वींच्याच आठवणींतून आपल्याला कळते, आणि आत्मचरित्रात माणूस स्वतःला जरा उजेडातच उभा करतो. अंतिम कराराचे शब्द मात्र कुणालाही तपासता येतात, आणि माझा मुद्दा त्या शब्दांवर उभा आहे.

प्रशासकाची पारख तो किती ताणून धरतो यावर होत नाही. कुठे सोडतो आणि कुठल्या शब्दावर अडून बसतो, यावर होते. कॉन्साल्वींनी सोडले ते थोडे नव्हे. फ्रेंच क्रांतीत विकल्या गेलेल्या चर्चच्या जमिनींवरचा दावा गेला, जुन्या बिशपांना राजीनामे द्यायला लावले, नव्यांच्या नेमणुकीचा हक्क नेपोलियनला मिळाला. ते अडले पहिल्या कलमावर. सार्वजनिक उपासना पोलिसी नियमांच्या अधीन राहील, असे फ्रेंच सरकारला हवे होते. त्यांनी त्याला मर्यादा घालून घेतली: नियम सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक तेवढेच. ही मर्यादा नसती, तर चर्च म्हणजे सरकारचे आणखी एक खाते झाले असते.

यावर कुणी म्हणेल, उपयोग काय झाला? पुढच्याच वर्षी नेपोलियनने पोपला न विचारता 77 कलमे जोडून टाकली. खरे आहे. पण ती एकतर्फी होती, रोमने ती कधी मान्य केली नाहीत, आणि तक्रार करायला हातात सही झालेला कागद होता. तो करार 1905 पर्यंत टिकला. नेपोलियनचे साम्राज्य 1815 मध्येच संपले. कॉन्साल्वी नुसते तडजोडखोर होते, असेही म्हणता येत नाही. 1810 मध्ये नेपोलियनच्या दुसऱ्या धार्मिक विवाहाला 13 कार्डिनल गेले नाहीत, त्यांत कॉन्साल्वी होते. पहिला विवाह पोपला डावलून रद्द ठरवला होता. लाल वस्त्रे काढून घेतली गेली, काळी आली, आणि कॉन्साल्वींची रवानगी रेम्सला झाली.

खरा अवघड आक्षेप पुढचा आहे. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत पोपचे बहुतेक सगळे राज्य त्यांनी परत मिळवले, 1816 मध्ये कारभाराची नवी घडी बसवली, छळ करून कबुलीजबाब घेणे बंद केले. 1823 मध्ये पोप पायस सातवे वारले, लिओ बारावे आले आणि ही घडी विस्कटू लागली. मग ती टिकली का नाही? याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. सामान्य नागरिकांना नोकरी खुली झाली, पण वरच्या खुर्च्या धर्मगुरूंकडेच राहिल्या. शिकलेल्या वर्गाला ती सुधारणा आपली वाटावी तरी कशी? कॉन्साल्वी स्वतः पुरोहित झालेच नाहीत, त्याखालच्या डीकन पदावरच राहिले, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. पॅरिसमध्ये एका शब्दासाठी रात्र जागवणाऱ्याने रोममध्ये नेमका महत्त्वाचा शब्द सोडला, असे मला वाटते.

नव्या पोपनी त्यांना राज्यसचिवपदावर ठेवले नाही. जानेवारी 1824 मध्ये जगभरच्या मिशनांचा कारभार पाहणारे प्रोपागांडा फिदे हे खाते त्यांच्याकडे आले. मुंबईतले कार्मेलाइट मिशनरी त्याच खात्याच्या अखत्यारीत होते. 24 जानेवारीला कॉन्साल्वी वारले. त्याआधी पायस सातव्यांच्या स्मारकाचे काम त्यांनी थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराला दिले होते. हा शिल्पकार प्रोटेस्टंट. ते स्मारक आज सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे.