आम्ही, इयत्ता दहावीचे, लिहून ठेवतो की…

(१९९६ आणि १९९७ या दोन बॅचच्या एकत्रित स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे सर आणि बाई, समोर बसलेली माझी शहाण्णवची बॅच, आणि उजवीकडे बसलेली सत्त्याण्णवची, म्हणजे आमची नववी. चष्मे लागले, केस गेले, तरी तुम्ही आमच्यासाठी नववीच.

संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "दहा मिनिटं बोल, आणि काहीतरी हलकंफुलकं बोल. तू शेलापागोटे लिहायचीस ना?" लिहायचे. त्याबद्दलच बोलते. हलकंफुलकं कितपत होतं ते बघू.

इथे काही जणांची मुलं आली आहेत. त्यांच्या शाळेत 'फेअरवेल' असतं, त्यात साडी असते आणि डीजे असतो. आमच्याकडे निरोप समारंभ असायचा. फेब्रुवारी लागला की नववीची पोरं वर्गणी गोळा करायला निघायची, डोक्यामागे पाच रुपये. त्यात एक समोसा, एक पेढा, चिमूटभर वेफर्स, स्टीलच्या पिंपात कालवलेलं रसना आणि दहावीतल्या प्रत्येकाला एक गुलाब. गुलाब दर वर्षी कमी पडायचे. आधी मुलींना वाटायचे, मग मुलांच्या ओळीतल्या शेवटच्या सात-आठ जणांच्या हातात झेंडू यायचा. फळ्यावर रंगीत खडूने मावळता सूर्य. हा सूर्य मी पहिलीपासून बघत होते, तो कधी पूर्ण मावळला नाही. मग भाषणं. प्रत्येक जण "आज बोलायला शब्द सुचत नाहीत" असं म्हणून सुरुवात करायचा आणि पंधरा मिनिटं बोलायचा.

हे सगळं उरकलं की सर आणि बाई चहाला स्टाफरूममध्ये जायचे. मुद्दाम जायचे, हे आता कळतं. मग दार लोटून घेऊन शेलापागोटे सुरू. शेला आणि पागोटं ही खरं तर मानाची वस्त्रं. आपण मान द्यायचा आव आणून टोपी उडवायचो. कॉलेजात गेल्यावर याच प्रकाराला फिशपाँड म्हणतात हे समजलं, पण चिठ्ठ्यांचा डबा तोच. डब्यातून चिठ्ठी काढायची, नाव वाचायचं, त्याने उभं राहायचं आणि ऐकायचं. माझी एक आठवते:

घंटा झाली की पहिला दारात,
गृहपाठाची वही मात्र कायम घरात.

हे पागोटं ज्याला मिळालं तो आज स्वतः मुख्याध्यापक आहे आणि रोज शंभर वह्या तपासतो. समोरच बसलाय. बरं झालं.

आमच्या वर्षी मला वाटलं, चिठ्ठ्या सगळेच काढतात, आपण काहीतरी वेगळं करू. माझे वडील कचेरीसमोर बसणारे दस्तलेखक. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र हे शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकले असतील. तेव्हा ठरलं की दहावी मरते आहे, सबब दहावीने नववीच्या नावाने मृत्युपत्र करून ठेवायचं.

वडिलांना विचारलं. ते हसले नाहीत, त्यांनी सल्ला दिला. "पहिली गोष्ट, तुम्ही सगळे अज्ञान." कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान. "अज्ञानाचं मृत्युपत्र चालत नाही. पण ते सोड. याला स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो, मात्र दोन साक्षीदार पाहिजेत. करणारा जिवंत आहे तोवर कितीदाही बदलता येतं, शेवटचं असेल ते खरं. आणि जे आपल्या मालकीचं आहे तेवढंच देता येतं." एवढं सांगून त्यांनी मला दोन हिरवे लेजर पेपर दिले आणि रविवारी दुपारी टाइपरायटरवर बसू दिलं. हा मान माझ्या भावालाही कधी मिळाला नव्हता.

तो मजकूर मला बराचसा पाठ आहे. "आम्ही, इयत्ता दहावीचे सर्व विद्यार्थी, वय वर्षे पंधरा ते सतरा (सतरा शेवटच्या बाकावरील दोघे), धंदा शिक्षण, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, परीक्षेखेरीज कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की…" कलम एक, खिडकीजवळचा बाक, जिथून एसटी स्टँड दिसतं. त्याची चतुःसीमा: पूर्वेस भिंत, पश्चिमेस हुशार मुलगी, उत्तरेस फळा, दक्षिणेस शांतता. कलम दोन, 'पोटात दुखतंय' हे कारण. ते महिन्यातून एकदाच वापरावे, पीटीच्या तासाला वापरावे, गणिताच्या बाईंपुढे वापरल्यास होणाऱ्या परिणामांस लिहून ठेवणार जबाबदार नाहीत. कलम तीन, करकटकाने बाकांवर कोरलेले बदाम. बदाम तसेच ठेवून आतली अक्षरे सोयीप्रमाणे बदलून घ्यावीत.

कलम चार व्यक्तिशः होतं. नववीतल्या दहा-बारा जणांना एकेक वस्तू. उंच मुलीला ट्यूबलाइट पुसण्याचा हक्क वगैरे. आणि एक मुलगा होता, तो बोलताना अडखळायचा. "त्यास आमच्याकडील सर्व शिल्लक स्वल्पविराम देण्यात येत आहेत, कारण त्याचे स्वतःचे संपत आले आहेत."

हे वाक्य सुचलं तेव्हा मी टाइपरायटरसमोर एकटीच खुदकन हसले होते. खोटं कशाला बोलू, वाक्य म्हणून ते मला आजही जमलेलं वाटतं. तीच तर अडचण आहे.

समारंभाचा दिवस. कटकला सचिनने केनियाविरुद्ध शतक ठोकलं त्याच आठवड्यातला, त्यामुळे मुलं आधीच हवेत होती. हेडसर कुठल्याशा बैठकीला गेलेले, ते वेळेत आले नाहीत. त्यांच्याशिवाय भाषणं सुरू करायची नाहीत म्हणून क्रम उलटा केला, गंमत आधी. वाचायला मी उभी राहिले नाही. वर्गातला सर्वांत मोठा आवाज उभा केला. तिसऱ्या कलमापर्यंत छप्पर उडायची पाळी आली होती. चौथ्याला तर नववीच जास्त हसली. तो मुलगाही हसला, निदान दात दिसत होते.

मग हेडसर आले. नववीतर्फे निरोपाच्या भाषणासाठी नाव पुकारलं. त्याचं. तो बसून राहिला. पुन्हा पुकारलं. त्याने मान हलवली आणि हातातला कागद शेजारच्या बाकावरच्या मुलीला दिला. तिने तो वाचला. भाषण चांगलं होतं. "शब्द सुचत नाहीत" हे वाक्य त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी मला ग्रंथालयात बोलावलं. मृत्युपत्र आणायला सांगितलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. पहिल्या तीन कलमांना त्या मनापासून हसल्या, चतुःसीमेला तर डोळे पुसले. चौथ्याला थांबल्या. म्हणाल्या, "तीन आठवडे रोज शाळा सुटल्यावर इथे बसून मी त्याची तयारी घेतली होती. इतकं छान लिहिणारीला हे कलम कशाला हवं होतं गं?" आणि कागद परत दिला. बस. पालकांना बोलावलं नाही, छडी नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं, की आम्ही सगळ्यांचीच टोपी उडवली, फक्त त्याची नाही. ते द्यायला मला जागाच मिळाली नाही. महिनाभर मी बाईंवरच चिडून होते.

त्या प्रश्नाचं उत्तर मला वडिलांच्या सल्ल्यात सापडलं, पण फार उशिरा. बाक आमचा होता, पोटदुखी आमची, बदामही आमचेच. ते आम्ही दिलं आणि जाताना आमचंच हसं करून घेतलं. चौथ्या कलमात आमच्या मालकीचं काहीच नव्हतं.

पुढे इंजिनिअरिंगला फिशपाँडच्या वेळी चिठ्ठ्या लिहायला मुली माझ्याकडे यायच्या. मी लिहायचे, पण एकेक चिठ्ठी दोनदा वाचायचे आणि मग त्या कमी झणझणीत व्हायच्या. मैत्रिणी म्हणायच्या, तुझी धार गेली. कंपनीत आता कोणी सोडून जातो तेव्हा जाणारा शेवटच्या दिवशी सगळ्यांना मेल लिहितो आणि मागे राहणाऱ्याला काम समजावून देतो. तेही एक मृत्युपत्रच. "हे मोड्यूल तुला दिलं, देव तुझं भलं करो" अशा थाटाचं. जुन्या प्रोग्रॅममध्ये आधीच्या माणसाने पुढच्यासाठी लिहून ठेवलेले टोमणे मी पाहिले आहेत, आणि रात्री दोन वाजता अडकलेली असताना ते वाचून मला हसू आलेलं नाही. असो. कामाचं बोलणं पुरे.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी त्याला शोधलं. शोधायला लागलंच नाही, बाजारपेठेत त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. म्हणजे दिवसभर बोलण्याचाच धंदा. मी गेले तेव्हा तो एका शेतकऱ्याला फवारणीचं प्रमाण समजावत होता. अजून अडखळतो. शेतकरी शांतपणे थांबला होता. मी वर्गात बसल्यासारखी स्टुलावर बसून राहिले.

म्हणाला, "ताई, मला सगळं आठवतंय. स्वल्पविरामाचं एवढं नाही वाटलं. माझ्या बाकावरचा माझा मित्र हसला, त्याचं वाटलं." तो मित्रही आज इथे आहे. मी बघणार नाही त्याच्याकडे.

मी माफी मागायला सुरुवात केली तर त्याने हात वर केला. "तेवढं नका करू. मग मला 'माफ केलं' म्हणावं लागेल, आणि 'म' माझ्या तोंडून लवकर निघत नाही." दुकानातला पोरगा हसला, तोही हसला. मला हसावं की नाही ते कळेना. माफ केलंय की नाही, तेही त्याने सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. ही गोष्ट सांगायची परवानगी मात्र त्याने दिली. "नाव घेऊ नका" एवढीच अट. आज ते जुनं भाषण करशील का, असंही विचारलं. "नाही," म्हणाला. "बियाण्यांबद्दल विचारलंत तर बोलीन."

वडील आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. टाइपरायटर माळ्यावर आहे, पण हिरवे कागद अजून त्यांच्या कपाटात आहेत. परवा रात्री त्यांनी सांगितलं आणि मी हाताने लिहिलं. ते वाचते आणि थांबते.

"पुरवणीपत्र. आम्ही, पूर्वाश्रमीचे इयत्ता दहावीचे, आता सज्ञान, फेब्रुवारी १९९६ मध्ये केलेल्या मृत्युपत्रातील कलम चारमधील स्वल्पविरामांबाबतचा मजकूर याद्वारे रद्द करीत आहोत. सदर वस्तू आमच्या मालकीची नव्हती. बदल्यात काहीही देण्यात येत नाही, कारण काहीही मागण्यात आलेले नाही. बाकीची कलमे कायम. खिडकीजवळचा बाक अजून असल्यास तो नववीचाच."

साक्षीदार दोन लागतात. एक सही बाई करणार आहेत, त्यांनी कबूल केलंय. दुसरी सही तोच करायला तयार होता, पण वडील म्हणाले, ज्याच्याबद्दलचं कलम आहे तो साक्षीदार नसलेला बरा. तेव्हा नववीतलं कोणीतरी पुढे या. पेन आणा, माझ्याजवळ नाही.