अंदाजाने पार्ट बदलू नका, आधी मोजा

आजचा विषय मुठीत मावेल एवढा आहे: थ्रॉटल पोझिशन सेन्सर. पण याच इवल्याशा वस्तूने मला तीन महिने नाचवलं, म्हणून आज तिच्यावरच बोलू.

झालं असं. मी अंबडचा. आठवड्यातून दोनदा अण्णांना डायलिसिससाठी जालन्याला न्यावं लागतं. गाडी सेकंड हँड, पेट्रोलची, जुन्या केबलवाल्या थ्रॉटलची. एकदा उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला हळूच रेस दिली आणि गाडीने जीवच सोडला. क्षणभरच. मग झटका देऊन पळाली. समोरून टेम्पो येत होता. अण्णा काही बोलले नाहीत, पण डॅशबोर्डला धरलेला हात त्यांनी जालना येईपर्यंत काढला नाही.

चेक इंजिनचा दिवा काही लागला नव्हता. मग एका गॅरेजात प्लग बदलले, दुसरीकडे पेट्रोलचा पंप बदलला. साडेसात हजार गेले, झटका तिथंच! शेवटी मी ठरवून टाकलं की पेट्रोलमध्येच भेसळ आहे, आणि पेट्रोल भरणाऱ्या पोराशी भांडून आलो.

मग जालन्यातले एक जुने मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "बेटा, झटका येतो तेव्हा पाय किती दाबलेला असतो?"

खरं सांगू? मी कधी लक्षच दिलं नव्हतं. दोन दिवस नीट पाहिलं. पूर्ण रेस दिली की गाडी मस्त पळते. थोडीशी दिली की अडखळते, आणि दर वेळी त्याच जागेवर.

आता हा सेन्सर करतो काय, ते समजून घ्या. आपण रेस दिली की हवेची झडप उघडते. ती किती उघडली हे सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि पेट्रोल किती सोडायचं हे ठरवताना कॉम्प्युटर ते बघतो. आत जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी पट्टी असते, तिच्यावरून एक काटा घासत फिरतो. वायरी तीन: एकीतून ५ व्होल्ट येतात, एक अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. झडप बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. नेमके आकडे गाडीप्रमाणे बदलतात. आपला पाय जास्त वेळ थोड्याशा रेसवरच असतो ना? मग पट्टीही तिथंच जास्त झिजते. जुना रेडिओ एका ठरावीक जागी खरखरायचा, तसंच.

चाचांनी इंजिन बंद ठेवून चावी फिरवली आणि कपलरच्या मागून मल्टीमीटर लावला. आधी ५ व्होल्ट येतात का ते पाहिलं. मग अर्थिंग पाहिली. त्यातलं काही नसेल, तर दोष वायरिंगचा किंवा कॉम्प्युटरचा, आणि नवा सेन्सर घालूनही उपयोग नाही. दोन्ही ठीक होतं. मग मीटर सिग्नलच्या वायरीला लावला आणि मला रेस अगदी सावकाश दाबायला सांगितली. मीटर काट्याचा होता, कारण डिजिटलवर क्षणभराची पडझड सुटू शकते. काटा चढत गेला आणि एक व्होल्टच्या आसपास धपकन खाली पडून पुन्हा वर आला. तीनदा केलं, तीनदा तिथंच पडला. वायर हलवून पाहिली, तिच्यामुळे काही फरक नाही. म्हणजे दोष सेन्सरचाच.

"मग दिवा का नाही लागला?" मी विचारलं.

"दिव्याला बिघाड थोडा वेळ टिकलेला लागतो. हा तर डोळा मिटेपर्यंत बरा होतो."

नवा सेन्सर प्लग-पंपाच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडला.

तुमच्याकडे मीटर नसेल, तर मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर घ्या. लाइव्ह डेटात थ्रॉटलची टक्केवारी बघत रेस हळूहळू दाबा. आकडा उडी मारत असेल, तर संशय घ्या. आणि कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलू नका. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त, एवढंच. अर्थिंगची वायर तुटली तरी सिग्नल वर चढतो, आणि उंदराने कुरतडलेली वायरही कोड आणते. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं.

नव्या गाड्यांत केबल नसते, झडप मोटरने फिरते. तिथं दोन सिग्नल असतात. ते जुळले नाहीत तर कॉम्प्युटर गाडीची ताकदच कमी करतो. अशा गाडीत चावी चालू असताना झडपेत बोट घालू नका, मोटर बोट चिरडेल. आणि ओव्हरटेक करताना एकदा जरी असा झटका आला, तर आधी तपासणी, मगच हायवे.

परवा त्या पेट्रोल भरणाऱ्या पोराकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, चूक माझी होती." तो हसला आणि म्हणाला, "पहिलं शून्य बघून घ्या, साहेब."

आणि अण्णा? काल जालन्याला जाताना त्यांचा हात डॅशबोर्डवर नव्हता. गोलापांगरी यायच्या आधीच ते घोरायला लागले होते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गाडी जपून चालवा!