एकाच कपाटाचे दोन खण



माझ्याच घरच्या संगणकाची हकीकत सांगतो. शाळाभेटींच्या तीन वर्षांच्या नोंदी मी 'सी' विभागात ठेवीत असे व त्यांची प्रत 'डी' विभागात. प्रती दोन आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. एके सकाळी डिस्क बंद पडली आणि दोन्ही प्रती गेल्या. कारण सी व डी हे एकाच डिस्कचे दोन विभाग होते. कपाट जळू लागले म्हणजे वरचा खण कोणता नि खालचा कोणता, हे आग पाहत नाही.

डिस्क चालू असून विभागच दिसेनासा झाला, तर मात्र घाबरू नये. विभागांची नोंद डिस्कच्या आरंभी असते. जीपीटी पद्धतीत तिची दुसरी प्रत अखेरीसही असते. अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तक कोरे होत नाही. अशा वेळी संगणक 'फॉरमॅट करू का?' असे विचारतो. त्यास होकार देऊ नये. त्या डिस्कवर नवे काही लिहूही नये. 'टेस्टडिस्क' हा विनामूल्य प्रोग्राम हरवलेला विभाग पुष्कळदा शोधून देतो.

प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, काम होताच ती डिस्क काढून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तीतील काही फाइली उघडून पाहाव्यात. मी पाहू लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक उघडेना.