राजा चांगला, कारभारी वाईट?
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



गावोगाव बैठका घेताना एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. 'वरती एखादा चांगला माणूस बसला तर आपोआप सगळं सुधारेल. मग एवढा खटाटोप कशाला?' विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. शेतकरी दमलेला आहे. कुणीतरी यावं आणि सोडवावं, असं त्याला वाटतं. या प्रश्नाचं उत्तर आज आम्ही रशियाच्या इतिहासातून देणार आहोत, कारण 'वरच्या चांगल्या माणसा'ची वाट तिथल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या पाहिली. झारला तो बाप म्हणे. बाप चांगला आहे, मधले कारभारी वाईट आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती.

आणि बाप खरोखरच चांगला निघाला! झार दुसरा अलेक्झांडर १८५५ साली गादीवर आला. त्या वेळी रशियातले सव्वादोन कोटींच्या आसपास शेतकरी जमीनदारांचे भूदास होते. मालकाने विकावं, मालकाने फटके मारावेत, मालकाने लग्न जुळवावं. १८५६ साली या झारने सरदारांना बोलावून सांगितलं की, ही गुलामी खालून मोडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा आपणच वरून मोडलेली बरी. १८६१ साली जाहीरनामा निघाला. भूदास मोकळे झाले.

मोकळे झाले म्हणजे काय झालं? ज्या जमिनीवर बापजादे राबले तिचा मोबदला शेतकऱ्याने द्यायचा, तोही ४९ वर्षांच्या हप्त्यांनी, वर्षाला सहा टक्क्यांनी. बऱ्याच ठिकाणी जमिनीची किंमत बाजारभावापेक्षा जास्त धरलेली. चांगली कुरणं आणि रानं जमीनदाराने तोडून ठेवली. हप्त्याला सगळी गावकी जामीन. एकाचा थकला तर बाकीच्यांनी भरायचा, त्यामुळे गावकीच्या परवानगीशिवाय कुणाला गाव सोडता येईना.

कझान प्रांतातल्या बेझ्दना गावच्या शेतकऱ्यांचा यावर विश्वासच बसला नाही. झारबाप असं करणार नाही, खरी मुक्ती कारभाऱ्यांनी दडवली असणार! गावात आन्तोन पेत्रोव्ह नावाचा एक जेमतेम वाचता येणारा शेतकरी होता. त्याने जाहीरनाम्यातून संपूर्ण स्वातंत्र्य वाचून दाखवलं. हजारो लोक जमले. एप्रिल १८६१ मध्ये फौज आली, नि:शस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, कित्येक माणसं मेली आणि पेत्रोव्हला गोळी घालून ठार केलं. सैन्य झारचंच होतं.

या झारने १८६४ साली स्थानिक मंडळं दिली, नवी न्यायालयं दिली. १८८१ साली बाँबने त्याचा बळी घेतला. मुलगा तिसरा अलेक्झांडर आला आणि त्याने दोर उलटा ओढला. १८८९ साली गावांवर सरदार घराण्यांतले अधिकारी नेमले. गावसभेचे ठराव रोखायचा आणि गावाने निवडलेल्या माणसाला बाजूला सारायचा अधिकार त्यांना मिळाला. बापाने दिलं, मुलाने काढलं. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही.

आता १९०५ सालाकडे पाहा. त्या वर्षी शेतकरी उठला. गावोगाव जमीनदारांचे वाडे जळाले. शेतकऱ्यांनी स्वतःचा अखिल रशियन संघ उभा केला. नोव्हेंबरमध्ये झार दुसऱ्या निकोलसने हप्ते आधी निम्मे केले आणि १९०७ पासून रद्दच केले. ४४ वर्षं अर्जविनंत्यांनी जे झालं नाही, ते काही महिन्यांत झालं!

पण संघ टिकला नाही. सरकार सावरलं आणि त्याने तो मोडून काढला. १९०६ साली पंतप्रधान स्तोलिपिनने गावकीतून बाहेर पडून जमीन स्वतःच्या नावावर करायची मोकळीक दिली. ही सुधारणा खरी होती, आम्ही ती नाकारत नाही. पण त्याच वर्षी त्याची फिरती लष्करी न्यायालयं अठ्ठेचाळीस तासांत खटला उरकून चोवीस तासांत फाशी देत होती. फासाच्या दोरीला लोक 'स्तोलिपिनचा टाय' म्हणू लागले.

१९१७ साली झार गेला, लेनिन आला. जमीन शेतकऱ्याला, असा हुकूम पहिल्याच दिवसांत निघाला. पुढच्याच वर्षी बंदूकवाल्या तुकड्या धान्य काढून न्यायला आल्या. जमीन तुझी, पीक आमचं! ताम्बोव्ह प्रांतातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. पेरण्या घटल्या. मार्च १९२१ मध्ये लेनिनला माघार घ्यावी लागली. ठरलेला कर द्या, उरलेलं धान्य बाजारात विका, असं नवं धोरण आलं. ताम्बोव्हचं बंड मात्र फौजेने चिरडलंच. तरीही जेवढी मोकळीक मिळाली तेवढ्यावर रशियन शेतकऱ्याने चार-पाच वर्षांत शेती पुन्हा उभी केली.

मग स्टॅलिन. कारखाने उभारायला पैसा हवा, तो आणायचा कुठून? जुलै १९२८ मध्ये पक्षाच्या बैठकीत त्याने हिशेब उघड मांडला. शेतकरी कारखान्याच्या मालाला जादा किंमत मोजतो आणि त्याच्या मालाला कमी दाम मिळतो, ही एक प्रकारची खंडणी आहे आणि ती तूर्त घ्यावीच लागेल. खंडणी हा शब्द आमचा नाही, त्याचा आहे. ती वसूल करायला शेतं सामुदायिक केली. दोन गाई बऱ्या असलेला माणूसही 'कुलक' ठरला. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे अठरा लाख माणसं घरादारातून उचलून दूर थंडीत नेऊन टाकली. मायबहिणींनो, त्या वेळी पुढे झाल्या त्या बायका. बियाणं आणि गाय परत घ्यायला त्या कचेऱ्यांवर चालून गेल्या. एकट्या १९३० सालात तेरा हजारांहून जास्त उठाव पोलिसांच्याच दप्तरी नोंदले आहेत. स्टॅलिनने मार्चमध्ये दोष खालच्या अधिकाऱ्यांवर ढकलून थोडी ढील दिली. राजा चांगला, कारभारी वाईट! काही महिन्यांनी फास पुन्हा आवळला.

आपल्याकडे सुगी झाली की गोरगरीब शेतात सरवा वेचतात. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातलं धान्य नेणं हा मृत्युदंडाचा गुन्हा झाला, फार तर सूट म्हणून दहा वर्षं कैद. लोक त्याला 'ओंब्यांचा कायदा' म्हणत. युक्रेन, कुबान, व्होल्गाकाठ, कझाकस्तान. लाखो माणसं भुकेने मेली, अभ्यासकांचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात. निर्यात घटवली, पण थांबवली नाही. ही माणसं धान्य पिकवणारी होती.

१९५३ साली स्टॅलिन मेला. पुढच्यांनी परसातल्या तुकड्यावरचा कर कमी केला, खरेदीचे भाव वाढवले. १९५६ साली क्रुश्चेव्हने स्टॅलिनच्या अत्याचारांवर भाषण केलं. काही वर्षांनी तोच परसातल्या गाईंच्या मागे लागला. ब्रेझनेव्हने सामुदायिक शेतावर पगार बांधून दिला, पण त्या शेतकऱ्याला पासपोर्टचा हक्क मिळायला १९७४ साल उजाडलं. तोवर परवानगीवाचून शहरात जाऊन राहता येत नसे. गंमत पाहा, लागवडीच्या तीन टक्क्यांच्या आसपास असलेले ते परसातले तुकडे देशाच्या शेतीमालाचा चौथा हिस्सा पिकवत होते.

गोर्बाचेव्ह शेतकऱ्याच्या घरचा. त्याचे दोन्ही आजोबा स्टॅलिनच्या काळात तुरुंगात गेले होते. त्याने तोंडं मोकळी केली. येल्त्सिनच्या काळात जमिनीचे हिस्से कोट्यवधी लोकांच्या नावावर कागदावर चढले, पण खतं-यंत्रांचे भाव भडकले, धान्याचे मागे राहिले. बरेच हिस्से बड्या कंपन्यांच्या हाती गेले. पुतिनच्या काळात जमिनीची खरेदी-विक्री कायदेशीर झाली. पण २०१० च्या दुष्काळात गव्हावर निर्यातबंदी आली आणि २०२१ साली निर्यातकर. ऑगस्ट २०१६ मध्ये क्रास्नोदारकडचे शेतकरी जमिनी बळकावल्याची तक्रार घेऊन ट्रॅक्टरांनी मॉस्कोला निघाले. अध्यक्षांना भेटून सांगायचं होतं की तुमचे खालचे लोक ऐकत नाहीत. रोस्तोव्ह प्रांतात पोलिसांनी अडवलं, काहींना कैद झाली, काहींना दंड. बेझ्दनाला दीडशेच्या वर वर्षं होऊन गेली होती.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. वरती चांगला माणूस बसला तर बरंच आहे, त्याने दिलेलं घ्यावं. पण घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पिकलेल्या मालाचा मालक कोण? त्याचा भाव कोण ठरवणार? आणि उद्या हा माणूस बदलला, किंवा याचंच मन बदललं, तर 'नाही' म्हणायला आपण एकत्र उभे असू का? रशियन शेतकऱ्याला पहिल्या दोन गोष्टी अधूनमधून मिळाल्या. तिसरी त्याच्याजवळ १९०५ साली होती. ती मोडल्यावर पहिल्या दोनही हातच्या गेल्या.

गावी गेल्यावर पारावर या तीन प्रश्नांची चर्चा करा. पुढच्या बैठकीला उत्तरं घेऊन या.