फॉरमॅटला हो म्हणण्याआधी

जून उजाडला की आम्हाला दोन तक्रारींचे फोन फार येतात. एक, भिंतीला ओल आली. दुसरी, घरच्या कॉम्प्युटरला वाय-फाय लागत नाही. ओलीचं मागे बोललो होतो, आज दुसरीकडे वळू.

हे फोन जूनमध्येच का येतात ते तुम्हीही जाणता. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, शिष्यवृत्तीचे अर्जही महाडीबीटीवर. शेवटची तारीख उद्यावर आलेली, मुलगी रडकुंडीला आलेली, आणि घरात कॉम्प्युटरला हात लावणारा माणूस नोकरीच्या गावी. मग दुरुस्तीवाला येतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, ‘‘वहिनी, फॉरमॅट मारावं लागेल.’’ सगळेच तसे नसतात, पण हे वाक्य आम्ही फार घरांत ऐकलंय. फॉरमॅट म्हणजे आतलं पुसून सगळं नव्यानं बसवणं. लग्नाचे फोटो, गटाचा हिशोब, मुलांचे स्कॅन केलेले दाखले दुसरीकडे उतरवून ठेवले नसतील तर गेले म्हणून समजा. आणि वाय-फाय लागत नाही एवढ्यासाठी फॉरमॅटची गरज क्वचितच पडते.

नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी शेजारी विचारतो ना, तुमच्याकडं आलं का? तसंच इथं करायचं. घरातला मोबाईल घ्या, त्याचा डेटा बंद करा, वाय-फाय तेवढं चालू ठेवा आणि एखादी बातमी उघडा. डेटा बंद करायचा विसरू नका हं, नाहीतर नेट सिमवरून चालेल आणि तुम्हाला वाटेल वाय-फाय ठणठणीत आहे.

मोबाईललाही नेट मिळत नसेल तर कॉम्प्युटर बिचारा निर्दोष आहे. रिचार्ज संपलाय का बघा, मग राउटरच्या दिव्यांकडे बघा. फायबरची लाइन असेल तर एका दिव्यापाशी इंग्रजीत एल-ओ-एस लिहिलेलं असतं. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून घरात काही पोचतच नाहीये. फायबरच्या तारेत वीज नसते, काचेच्या बारीक धाग्यातून उजेड येतो. उंदरानं ती कुरतडली, नाहीतर कपाट सरकवताना तिला घडी पडली, की उजेड तुटला. हे काम कंपनीचं. तक्रार नोंदवताना ‘‘एल-ओ-एस लाल आहे’’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे बंद करून चालू करा हे तीन-तीनदा ऐकावं लागत नाही.

लाल दिवा नसेल तर मात्र राउटर खरोखरच बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करून तीन-चार मिनिटं द्या. मागच्या बाजूला टाचणीएवढं भोक दिसेल, त्यात काही खुपसू नका. ते रिसेटचं बटण. दाबून धरलं तर कंपनीनं भरून दिलेली माहिती पुसली जाते.

आता समजा मोबाईल चालतोय आणि कॉम्प्युटर तेवढा रुसलाय. लॅपटॉप असेल तर विमानाचं चित्र असलेलं बटण शोधा. बटणांवरची धूळ पुसताना ते दाबलं जातं आणि वाय-फाय बंद होतं. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये पुष्कळदा वाय-फाय आतून नसतंच, यूएसबीच्या खाचेत अंगठ्याएवढा तुकडा खोचलेला असतो. झाडलोट करताना तो सैल होतो. काढून दुसऱ्या खाचेत घालून बघा.

एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी लिहिलेलं. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झची लहर, पळायला चपळ पण भिंत आली की दमते, आणि जुन्या कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. तुम्ही दुसरं नाव निवडा. नाव दिसतंय पण जोडलं जात नसेल, तर घरातल्या कुणी पासवर्ड बदललाय का विचारा. त्या नावावर ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्यानं घाला. लहान-मोठी अक्षरं तंतोतंत हवीत.

जोडलं गेलंय, तरी बँकेची नाहीतर अर्जाची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवते? खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचा. कॉम्प्युटर दहा वर्षं मागं गेलेला असेल तर त्याला साइटचे दाखले खरे वाटत नाहीत. तारीख दुरुस्त करा, साइट उघडेल. मोठा कॉम्प्युटर रोज सकाळी मागं जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ नावाचा असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो आणि स्वस्त असतो. एवढ्यावरून नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालेली घरं आम्ही पाहिलीत!

आणि अर्जाची वेळ टळत आली असेल तर हे काहीच करत बसू नका. ॲंड्रॉइड मोबाईल त्याच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडा, मोबाईलचा डेटा चालू करा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. वाय-फाय पार बिघडलेलं असलं तरी कॉम्प्युटरला नेट मिळतं. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यानं जमणार नाही. अर्ज भरा, पावती उतरवून घ्या, मग सावकाश वाय-फायच्या मागे लागा.

इतकं करूनही लागलं नाही तर दुरुस्तीवाल्याला जरूर बोलवा. तो यायच्या आत फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि तो फॉरमॅट म्हणाला, तर विचारा, ‘‘भाऊ, वाय-फायचा ड्रायव्हर काढून परत टाकून बघितला का?’’